व्हेल शार्क दाखवण्याची हमी देऊ नका

प्रति,
बेटांवरच्या सहली आखणारे आयोजक, बोटमालक आणि हॉटेलांत पर्यटकांच्या सफरी ठरवून देणारे सर्वजण यांस,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या सहलपत्रकांत हल्ली एक ओळ ठरलेली असते: "व्हेल शार्कसोबत पोहा, दर्शन हमखास, न दिसल्यास पैसे परत." हे पत्र त्या एका ओळीबद्दल आहे. बाकी तुमच्या धंद्यावर माझा राग नाही. व्हेल शार्क, म्हणजे जगातला सगळ्यात मोठा मासा, माणसांनी समुद्रात जाऊन पाहावा असंच मला वाटतं. जिवंत माशाचे पैसे मिळू लागले की मेलेल्याचा भाव विचारणारे कमी होतात, हेही मला मान्य आहे. फिलिपीन्समध्ये १९९८ पर्यंत व्हेल शार्कची शिकार चालायची. त्या वर्षी सरकारने बंदी घातली आणि त्याच वर्षी दोनसोल या गावात पर्यटकांना मासा दाखवायचं काम सुरू झालं. तिथल्या मच्छीमारांतून वाटाडे तयार झाले. पर्यटनाने झालेलं हे भलं मी विसरलेले नाही.

पण मोकळ्या समुद्रातल्या जिवाची हमी कुणाला देता येत नाही, आणि दिलीच तर ती पुरी करायला दोनच वाटा उरतात. एक, त्याला रोज खायला घालून एका जागी अडकवून ठेवायचं. दोन, दिसेल तिथे बोटी घेऊन त्याच्या मागे लागायचं. या दोन्ही गोष्टी आज होतायत, आणि त्यांच्या मुळाशी तुमची ती ओळ आहे.

हमी का देता येत नाही, ते तुमच्या कॅप्टनला विचारा. त्याला पक्कं ठाऊक असतं. हा मासा किनाऱ्याजवळ येतो तो स्वतःच्या कामासाठी. ऑस्ट्रेलियाच्या निंगालू किनाऱ्यावर मार्च-एप्रिलमध्ये प्रवाळ अंडी सोडतात, त्या सुमारास पाण्यात खाणं वाढतं आणि मासे जमायला लागतात. ख्रिसमस बेटावर लाखो तांबडे खेकडे समुद्रात अंडी सोडतात, तेव्हा त्यांच्या पिल्लांचा दाट थर खायला तो येतो. मेक्सिकोत इस्ला मुहेरेस बेटाजवळ उन्हाळ्यात ट्यूनाच्या जातीतल्या एका लहान माशाची अंडी पाण्यावर तरंगतात, ती गिळायला शेकड्यांनी व्हेल शार्क गोळा होतात. टांझानियाच्या माफिया बेटापाशी बारीक कोळंबी असते. सगळीकडे मेन्यू वेगळा, वेळापत्रक वेगळं. चंद्र, वारा, पाण्याचं तापमान यांत जरा बदल झाला की जेवणाची जागा हलते आणि मासाही हलतो. दोनसोलमध्येच काही हंगाम भरभराटीचे गेलेत आणि काही जवळजवळ कोरडे.

मालदीवची गोष्ट आणखी निराळी. दक्षिण आरी प्रवाळद्वीपात, धिगुरा आणि मामिगिली या बेटांच्या बाहेरच्या कडेला, व्हेल शार्क वर्षभर दिसतात, पण तिथे ते फारसे खाताना आढळत नाहीत. हे मासे बहुधा खाण्यासाठी प्रचंड खोल बुड्या मारतात. एका माशाची १,९०० मीटरहून खोल बुडी नोंदलेली आहे. खालचं पाणी गारठ्याचं. वर आल्यावर उथळ, कोमट पाण्यात अंग शेकत ते सावकाश फिरत राहतात, असा संशोधकांचा अंदाज आहे. म्हणजे आपण ज्याला "आरामात पोहणारा मासा" म्हणून दाखवतो, तो बहुधा दमून आलेला असतो. आणि त्याला नको वाटलं तर शेपटीच्या चार फटक्यांत तो पुन्हा खाली जातो. तिथे तुमची बोट, तुमचं पत्रक आणि तुमची हमी कुणीच पोचू शकत नाही.

आता पहिली वाट, खायला घालण्याची. फिलिपीन्सच्या सेबू बेटाच्या दक्षिण टोकाला ओस्लोब नावाचं गाव आहे. त्याच्या तान-अवान वस्तीसमोर २०११ च्या सुमारास मच्छीमारांनी बारीक कोळंबी टाकून व्हेल शार्कना बोलावायला सुरुवात केली. आज तिथे रोज सकाळपासून दुपारपर्यंत होड्यांतून खाणं टाकलं जातं आणि शेजारी दोरीला लागलेल्या होड्यांतून पर्यटक पाण्यात उतरतात. मासा उभा राहतो, तोंड वर करून, होडीच्या कडेला. फोटो सुरेख येतो. हमी शंभर टक्के.

तिथल्या माशांचा अभ्यास झालेला आहे आणि त्यात काय दिसलं तेही उघड आहे. काही मोजके मासे महिनोन्‌महिने तिथेच रेंगाळतात, जे लांब पल्ल्याच्या प्रवासाला निघणाऱ्या माशाचं वागणं नव्हे. तिथे ओळख पटवलेल्या जवळपास सगळ्याच माशांच्या अंगावर व्रण सापडले, दोऱ्यांचे, होड्यांच्या घासण्याचे, काही प्रोपेलरचे. माशापासून राखायचं अंतर बहुतेक पर्यटकांनी पाळलं नाही, कारण एवढ्या गर्दीत ते पाळणं शक्यच नव्हतं. जवळच्या प्रवाळाची स्थितीही शेजारच्या जागांपेक्षा वाईट निघाली. पण मला सगळ्यात जास्त खटकतो तो यातला धडा, जो मासा शिकतो: होडी म्हणजे खाणं. तोच मासा उद्या दुसऱ्या बेटापाशी वेगाने येणाऱ्या बोटीकडे तोंड उघडून गेला, तर?

यावर लगेच एक उत्तर येतं, आणि ते फेकून देण्यासारखं नाही. ओस्लोबच्या त्या वस्तीत पूर्वी हाताला काम नव्हतं. आज मच्छीमारांची घरं या पैशावर चालतात, त्यांची मासेमारी कमी झाली आहे, जवळची राखीव सागरी क्षेत्रं सांभाळायला त्यातून पैसा निघतो. हे खरं आहे. म्हणूनच मी त्या मच्छीमारांना पत्र लिहीत नाही, तुम्हाला लिहिते आहे. त्यांनी दुकान उघडलं. गिऱ्हाइकांनी भरलेली बस रोज पहाटे तिथे पाठवणारे तुम्ही आहात. हीच बस दोनसोलकडे वळवणं तुमच्या हातात आहे. तिथे मासा दिसायची खात्री नाही, पण तिथल्या मच्छीमारांचीही घरं त्यावर चालतात.

दुसरी वाट मागे लागण्याची. ती मी दक्षिण आरीत जवळून पाहिली आहे. बोट कुणाची होती ते इथे लिहीत नाही, कारण तिच्या आजूबाजूच्या बोटी काही वेगळं करत नव्हत्या. आम्ही प्रवाळकड्याच्या बाहेर हळूहळू चाललो होतो. वायरलेसवर दोन शब्द आले आणि कॅप्टनने एकदम इंजिन दाबलं. चारी बाजूंनी बोटी त्याच ठिपक्याकडे निघाल्या. पोचेपर्यंत पाण्यात आधीच माणसांचा घोळका होता. "जंप, जंप" असा ओरडा झाला आणि लोक धडाधड उड्या मारू लागले, काही माशाच्या अगदी तोंडापुढे. मागून आलेल्या बोटीचा पंखा फिरतच होता. पाण्याखाली दिसत होते ते मुख्यतः पाय, फिन्स आणि बुडबुडे.

त्या घोळक्यात मासा क्षणभर दिसला. साधारण पाच-सहा मीटरचा, म्हणजे अजून लहानच. एक जण लांब काठीला लावलेला कॅमेरा त्याच्या डोळ्यापाशी नेत होता. व्हेल शार्कला पापणी नसते. धोका वाटला की तो डोळाच आत ओढून घेतो. बाहेरून बघणाऱ्याला डोळ्याच्या जागी फक्त एक फिकट खळगा दिसतो. हे मी वाचलेलं होतं, त्या दिवशी पाहिलं. मग त्याने अंग तिरकं केलं आणि पाठ आमच्याकडे वळवली. त्याच्या पाठीची कातडी सुमारे १० सेंटिमीटर जाड असते, ती ढालीसारखी पुढे करायची ही त्याची रीत. त्यानंतर अंग थरथरलं आणि तो खाली गेला. वर बोटीवर टाळ्या झाल्या. वाटाड्याने सगळ्यांना विचारलं, "हॅपी?" आणि हमी पुरी झाल्याची नोंद त्याच्या वहीत झाली असणार.

डोळा आत ओढणं, पाठ वळवणं, थरथरणं, एकाएकी बुडी. या चार खुणा तुमच्या प्रत्येक वाटाड्याला शिकवा, आणि त्यांतली एक जरी दिसली तरी सगळ्यांना पाण्यातून वर घ्यायचा अधिकार त्याला द्या. आज तो अधिकार त्याच्याकडे नाही. कागदावर असेल कदाचित.

दक्षिण आरीच्या पाण्यात बहुतेक कोवळे नर असतात. व्हेल शार्क वयात यायला साधारण पाव शतक लागतं. जगभर या माशाची संख्या तीन पिढ्यांत निम्म्याहून अधिक घटली, असा अंदाज करून २०१६ साली त्याला 'संकटग्रस्त' या वर्गात टाकण्यात आलं. मालदीवने त्याला मारायला १९९५ सालीच बंदी केली आणि २००९ मध्ये दक्षिण आरीचा तो पट्टा संरक्षित सागरी क्षेत्र म्हणून जाहीर केला. तरीही तिथल्या माशांच्या पाठीवर आणि परांवर प्रोपेलरचे समांतर काप नियमित सापडतात. माशाच्या जखमा विलक्षण वेगाने भरतात, हे मी स्वतःहून सांगते, नाहीतर तुमच्यापैकी कुणीतरी सांगेलच. काही आठवड्यांत खोल घावही मिटू लागतो. पण तेवढे आठवडे त्याची ताकद खाण्यात आणि वाढण्यात जात नाही. आणि जे मासे धडकेने मरतात ते पाण्यावर तरंगत नाहीत, तळाला जातात. म्हणून अमुक बोटीखाली मासा मेला असं कुणाच्या हिशेबात कधी येत नाही.

मग करायचं काय? नियम नव्याने शोधायची गरज नाही. निंगालूत पर्यटकांना माशाजवळ नेण्याचा धंदा करणाऱ्या बोटीला परवाना लागतो. माशाभोवती २५० मीटरच्या टापूत एकावेळी एकच बोट, तीही जास्तीत जास्त आठ नॉट (ताशी सुमारे १५ किलोमीटर) वेगाने आणि माशापासून किमान ३० मीटर दूर. पाण्यात एकावेळी दहाच माणसं, धडापासून तीन मीटर आणि शेपटीपासून चार मीटर अंतर. फ्लॅश नाही, स्पर्श नाही. बोटीला जास्तीत जास्त दीड तास. दोनसोलमध्ये एका माशामागे एक बोट आणि सहा माणसं, तीही दहा मिनिटं. मेक्सिकोत एका वाटाड्याबरोबर पाण्यात दोघेच. आकडे जागेप्रमाणे बदलतात, पण एक गोष्ट सगळीकडे सारखी आहे: जवळ एकच बोट, बाकीच्या लांब थांबून वाट पाहतात. हे एक पाळलं की निम्मे प्रश्न आपोआप सुटतात, कारण दुसरी बोट पुढे घुसणार नाही याची खात्री असली की कॅप्टनला इंजिन दाबायचं कारण उरत नाही.

तुम्ही म्हणाल, निंगालूत सरकार आहे, परवाने आहेत, आमच्या बेटावर कोण विचारतं? बरोबर. पण तुम्हाला दोन गोष्टी कुणाच्याही परवानगीशिवाय करता येतील. पहिली, कॅप्टन आणि वाटाड्याचं बक्षीस मासा दिसण्याशी जोडू नका. आज बऱ्याच बोटींवर मासा दिसला तर टीप भरघोस, नाही दिसला तर सगळे तोंड फिरवून उतरतात. त्यातून पैसे परत द्यायची अट असली की मालकाचा डोळाही कॅप्टनवरच. त्या माणसाने काय करावं अशी आपली अपेक्षा आहे? फेरीचे पैसे ठरवून द्या, टीप ठरवून द्या, दिसो न दिसो. दुसरी, त्या दिवशी मासा दिसला नाही तर काय करायचं, ते आधीच आखा. दक्षिण आरीच्या त्याच फेरीत मांटा (पंखांसारखे पर असलेले मोठे चपटे मासे), कासवं आणि प्रवाळाचा अख्खा कडा असतो, पण व्हेल शार्कच्या नादात त्यांच्यावरून बोट भरधाव जाते. निंगालूतले बरेच जण मासा दिसला नाही तर दुसऱ्या दिवशी पुन्हा नेतात. ही सोय मला पैसे परत करण्यापेक्षा शहाणपणाची वाटते. तिथे शोधाचं काम आकाशातलं छोटं विमान करतं आणि नियम मोडला तर परवाना जातो, म्हणून ती तिथे निभते हेही खरं. तुमच्याकडे विमान नसेल. मग निदान एक राखीव सकाळ ठेवा.

पाण्यात उतरण्याआधीच्या सूचनांबद्दल मी फार लिहीत नाही, तुम्हाला त्या पाठ आहेत. फक्त त्या बोट सुटायच्या आधी, धक्क्यावर सांगा. वायरलेस वाजल्यावर, मास्क लावताना, इंजिनच्या आवाजात सांगितलेलं कुणी ऐकत नाही. उडी मारायची नाही, कडेने घसरत उतरायचं. माशाच्या पुढे जायचं नाही, बाजूने पोहायचं. तो पुढे गेला तर जाऊ द्यायचं. आणि ज्याला स्नॉर्केल, म्हणजे श्वास घ्यायची नळी, नीट वापरता येत नाही त्याला आदल्या दिवशी उथळ पाण्यात सराव करायला लावा. धडपडणारा माणूस समोर येईल त्याचा आधार घेतो, आणि कधी कधी समोर मासा असतो.

फोटोंचं मात्र वेगळं सांगायला हवं. तुमच्या पत्रकांवर अजूनही असे फोटो असतात ज्यांत एखादी व्यक्ती माशाच्या पाठीला हात लावते आहे किंवा त्याच्या उघड्या तोंडापुढे तरंगते आहे. ते काढून टाका. पत्रकावर हात लावलेला फोटो आणि बोटीवर "हात लावू नका" ही सूचना, यांतलं काय ऐकायचं हे गिऱ्हाईक बरोबर ओळखतं. त्याऐवजी त्याला फोटोचं खरं काम द्या. प्रत्येक व्हेल शार्कच्या अंगावरचे ठिपके निराळे असतात. डाव्या कुशीचा, कल्ल्यांच्या मागचा आणि छातीच्या पराच्या वरचा भाग बाजूने स्वच्छ टिपला की मासा ओळखता येतो. खगोलशास्त्रज्ञांनी ताऱ्यांचे नकाशे जुळवण्यासाठी बनवलेली गणिती रीत या ठिपक्यांना लावून संशोधक जगभरचे फोटो ताडून बघतात. पर्यटकांनी काढलेल्या फोटोंवरच हे काम मोठ्या प्रमाणात उभं आहे. तो फोटो नीट यायचा तर माणसाला बाजूला, पुरेसं दूर आणि माशाच्या चालीने पोहावं लागतं. थोडक्यात, कामाचा फोटो काढणारा आपोआप नियमात राहतो. आणि तुमच्या गिऱ्हाइकाला पुढे कधीतरी कळतं की त्याने टिपलेला मासा दुसऱ्या कुणालातरी पुन्हा दिसला. असा निरोप तुमच्या कुठल्याही जाहिरातीपेक्षा जास्त लोकांना दाखवला जाईल.

"हमी काढली तर गिऱ्हाईक शेजारच्या बोटीत जाईल," ही तुमची भीती मी ऐकलेली आहे. काही जण जातीलही. पण कुणाला कसा मासा दाखवता यावर तुम्हीच गिऱ्हाईक घडवता. पत्रकात "फेब्रुवारीत दिसण्याची शक्यता चांगली, खात्री नाही, आम्ही खायला घालत नाही आणि दुसरी बोट जवळ असेल तर थांबतो" असं सरळ लिहिणारा आयोजक मला भेटला तर मी त्याच्याकडे पैसे भरेन. अशी मी एकटी नाही, हे तुमच्या चौकशीच्या फोनवरून तुमच्याही लक्षात आलं असेल.

म्हणून पुढच्या वेळी तुमच्यापैकी कुणाकडेही नाव नोंदवण्याआधी मी हे विचारणार आहे, आणि हे पत्र वाचणाऱ्यांनीही विचारावं. तिथे माशाला खायला घालतात का? जवळ दुसरी बोट असेल तर तुमची बोट काय करते? पाण्यात एकावेळी किती माणसं उतरवता? वाटाड्या पाण्यात आमच्याबरोबर असतो का, की वरून हात दाखवतो? मासा दिसला नाही तर कॅप्टनच्या पगारातून काही कापता का? शेवटचा प्रश्न लोक विचारत नाहीत, आणि त्याचंच उत्तर मला सगळ्यात आधी हवं असतं. उत्तरं लेखी द्या. पुढच्या हंगामाची पत्रकं छापायला जायच्या आधी दिलीत तर उत्तम.

कळावे,
आपली,
तुमच्या बोटीत बसू इच्छिणारी एक प्रवासी